आबांचा फोन "लागत नाही", "ऐकू येत नाही": नवा साधा फोन घ्यायच्या आधी काय काय बघायचं

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, दुकान म्हणजे दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं एवढंच. चौदा वर्षं झाली. एक बिघाड असा आहे की तो आठवड्यातनं तीन-चारदा तरी काउंटरवर येतोच, आणणारं माणूस दर वेळी वेगळं पण वाक्य तेच, "दादा, आबांचा फोन गेलाय, जरा साधासुधा नवा दाखवा." बहुतेक वेळा फोन गेलेला नसतो. मी असं म्हटलं की लोकांना वाटतं याला धंदा करायचा नाही वाटतं. करायचाय की, पण तोच फोन पंधरा दिवसांनी परत माझ्याच काउंटरवर येतो आणि मग शिव्या मीच खातो, त्यापेक्षा आधीच नीट बघितलेलं बरं.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा प्लॅस्टिकच्या पिशवीतनं तीन फोन घेऊन आला. एक टच, दोन कीपॅडवाले, तिन्ही चालू. त्याचे आजोबा जुने पैलवान, आता तालमीत वस्ताद म्हणून बसतात. "तिन्ही घेऊन झाले, एकावर पण बोलत नाहीत, आता चौथा सांगा." त्या वस्तादांचं पुढं सांगतो, आधी लक्षणं बघू, कारण लक्षण नीट ऐकलं की निम्मं काम तिथंच होतं.

तक्रार कशी येते

पूर्ण रिंग जाते पण उचलत नाहीत, आणि विचारलं तर "वाजलाच नाही" म्हणतात. किंवा उचलतात, दोनदा हॅलो हॅलो करतात आणि ठेवतात. तिसरी, "आवाज येतोय पण काय बोलतोय ते कळत नाही." चौथी, संध्याकाळी सातनंतर रोज स्विच ऑफ. पाचवी, नेटवर्कच्या बाहेर, पण माणूस तर घरातच बसलेलं. सहावी टचवाल्यांची, "दाबलं तर काहीच होत नाही, नाहीतर भलतंच उघडतंय." आणि सातवी, फोन आपोआप कुणालातरी लागतो, एकदा एका काकांच्या घरी चक्क पोलिसांचा परत फोन आला की मदत पाहिजे का म्हणून. ते का झालं तेही येतंय पुढं.

पहिली तपासणी: फुकट, आणि सहसा कुणीच न केलेली

त्यांच्याशेजारी बसा, आपल्या फोनवरनं त्यांना फोन लावा आणि बघत बसा. हात लावायचा नाही. "अहो ते हिरवं दाबा की" असं म्हणायचं नाही. पाच मिनिटं तोंड बंद ठेवून फक्त बघायचं, लय अवघड जातं हे, विशेषतः मुलांना.

का करायचं हे? कारण म्हातारं माणूस बिघाड सांगताना फोनला दोष देतं नाहीतर स्वतःला, खरं काय झालं ते सांगत नाही, कारण त्याला ते कळलेलंच नसतं. एक आज्जी यायच्या, "उचलला की कट होतोय." मी समोर बसवून लावला. आज्जींनी फोन हातात घेतला, हिरवं बटण बरोबर दाबलं, आणि फोन कानाला नेताना घट्ट धरायचा म्हणून अंगठा सरकला तो थेट लाल बटणावर. दर वेळी. फोन अरुंद, हाताला थोडा कंप, पकड घट्ट, मग अंगठा जाणार कुठं? त्यांच्या मुलानं त्याआधी त्याच कंपनीचा तोच फोन दोनदा बदलून आणलेला. शेवटी थोडा रुंद, लाल-हिरव्या बटणांत चांगलं अंतर असलेला फोन दिला आणि विषय संपला.

बसलाच आहात तर अजून एक बघा, फोन कानाला लावतात की गालाला. वरच्या फटीतनं आवाज येतो ती फट कानाच्या भोकासमोर यायला पाहिजे, दोन बोटं खाली आली तरी आवाज निम्मा. काही जण तर उलटा धरतात, चार्जिंगची बाजू वर.

वाजलाच नाही म्हणतात तेव्हा

बऱ्याच कीपॅड फोनमध्ये # ची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरली की फोन सायलेंटवर जातो. ही सोय मिटिंगमध्ये बसणाऱ्या माणसासाठी केलेली, पण आमच्याकडं फोन राहतो सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या डबीबरोबर, कोपरीच्या आतल्या खिशात, नाहीतर आज्जीच्या पिशवीत चुन्याच्या डबीशेजारी. तिथं # दाबली जाते आणि फोन गप्प. हे एवढं जास्त होतं की कीपॅडवाला फोन आला की मी आधी # दाबून धरतो, मग विचारतो काय झालंय. वरच्या कोपऱ्यात कापलेल्या घंटीचं चित्र दिसतंय का बघा.

सायलेंट काढून भागत नाही, परत होणारच. सेटिंगमध्ये ऑटो कीपॅड लॉक असतं, ते चालू करून वेळ पंधरा नाहीतर तीस सेकंद ठेवा. लॉक असताना आलेला फोन हिरव्या बटणानं तसाच उचलता येतो, त्यामुळं भ्यायचं काही नाही. हे एकदा त्यांना दाखवा मात्र, नाहीतर "लॉक झालाय, उचलता येणार नाही" असं समजून ते वाजणाऱ्या फोनकडं बघत बसतात.

टच फोनमध्ये वरनं खाली पडदा ओढताना बोट 'डू नॉट डिस्टर्ब' नाहीतर विमानाच्या चित्रावर पडतं. आणि नातवंडं. नातवंडांनी गेम खेळून झाल्यावर फोन कुठल्या अवस्थेत परत दिलाय ते देवाला माहीत.

एकाच माणसाचा फोन लागत नसेल आणि बाकी सगळ्यांचे लागत असतील तर ब्लॅकलिस्ट बघा. चुकून धाकटा मुलगा ब्लॉक झालेला मी तीनदा काढलाय, आणि त्यातल्या एका घरात त्यावरनं सहा महिने अबोला होता.

रिचार्ज

हे छोटं आहे पण पैसे वाचवणारं. येणारा फोनसुद्धा रिचार्ज संपला की काही दिवसांनी बंद होतो, पूर्वीसारखं एकदा सिम घेतलं की आयुष्यभर इनकमिंग फुकट असं राहिलेलं नाही. रिचार्जचा मेसेज त्यांनाच येतो आणि त्यांनी तो वाचलेला नसतो. म्हणून आधी व्हॅलिडिटी बघा. आणि नुसतं बोलायलाच फोन वापरणाऱ्या माणसाला रोजच्या दीड जीबीचा पॅक मारू नका. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला, नुसत्या कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक कंपन्यांनी ठेवलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार तो आपणहून सांगत नाहीत, तुम्ही "नुसता व्हॉइसचा, जास्त दिवसांचा" असं मागा. वर्षाचा एकदाच मारलात तर "बंद पडला" हा एक बिघाड वर्षभर येतच नाही.

ऐकू येत नाही, किंवा ऐकू येतं पण कळत नाही

इथं जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त फोन याच्यापायी फुकट बदलले जातात.

आधी आवाज. बोलणं चालू असताना कानात येणारा आवाज आणि रिंगचा आवाज हे दोन वेगळे असतात. रिंग फुल केली म्हणून बोलण्याचा आवाज वाढत नाही. बऱ्याच फोनमध्ये तो फोन चालू असतानाच वर-खालीच्या कळीनं वाढवावा लागतो, एरवी ती कळ दाबून काही होत नाही. म्हणून फोन लावा, त्यांनी उचलू दे, मग चालू कॉलमध्ये वरची कळ पाच-सहादा दाबा.

मग जाळी बघा. कानाच्या फटीत बारीक जाळी असते, त्यात तंबाखूची भुकटी, चुना, पीठ, घाम असं सगळं थापून बसतं. गिरणीवाल्या एका मामांच्या फोनची जाळी पूर्ण बुजलेली होती, ज्वारीच्या पिठाचा थरच्या थर, मामा म्हणत होते कान गेला. कोरडा मऊ टूथब्रश घ्या, जाळी खाली जमिनीकडं करून हलक्या हातानं घासा म्हणजे घाण आत न जाता खाली पडते. टाचणी, सुई, पिन घालायची नाही, जाळीच्या मागं लगेच स्पीकरचा पातळ पडदा असतो, तो फाटला की मग खरंच बिघाड झाला. तोंडानं फुंकूही नका, थुंकी आत जाते.

जाळी साफ, आवाज फुल, तरी ऐकू नाही? फोन दुसऱ्या कानाला लावून बघा. एवढंच. हसू नका. एका कानानं कमी ऐकू येतं हे वर्षानुवर्षं माहीतच नसतं, कारण फोन कायम उजव्याच कानाला. डाव्याला लावला आणि "अगं बया, किती मोठ्यानं बोलतीस गं" म्हणालेल्या मावशी मी स्वतः बघितल्यात. तसं झालं तर फोन माझ्याकडं आणू नका, मावशींना कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडं न्या, पुष्कळदा नुसता मळ असतो. तो घरी काडी घालून काढायचा नाही, अजून आत जातो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, एका कानाचं ऐकू येणं एका दिवसात अचानक गेलं असेल तर "बघू पुढच्या आठवड्यात" करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यात लवकर औषध सुरू होण्यावर बरंच अवलंबून असतं.

आता "येतंय पण कळत नाही" ही तक्रार. वयानं कान जातो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, बारीक, चिरके, उंच आवाज आधी जातात. बोलण्यातले स, श, फ, त, क हे असले वरचे आवाज असतात, ते गळाले की शब्द अर्धा राहतो. म्हणून नातीचा फोन कळत नाही आणि मुलाचा कळतो, यात प्रेमाचा काही संबंध नाही. अशा वेळी ओरडायचं नाही, ओरडलं की आवाज अजून चिरका होतो. जरा खालच्या पट्टीत, सावकाश बोलायचं.

रिंगटोनचंही तेच. पाखरांचा किलबिलाट, बासरी, टुणटुण असली नाजूक रिंग त्यांना ऐकूच येत नाही, तुम्हाला शेजारच्या खोलीत येते आणि ते समोर बसून म्हणतात वाजला नाही, खोटं बोलत नसतात ओ. जुन्या काळ्या टेलिफोनसारखी जाड टर्र्र टर्र्र असलेली रिंग लावा, नाहीतर ढोलाच्या ठेक्याची कुठली असेल ती. फुकटात फरक पडतो.

हे सगळं त्या वस्तादांच्या बाबतीत मी करून बघितलं होतं. पोराला म्हटलं वस्तादांनाच घेऊन ये. आले, पांढरा सदरा, हातात काठी पण टेकत नव्हते. फोन लावला, आवाज फुल, जाळी साफ, दोन्ही कान करून बघितले. "येतंय लांबनं," म्हणाले. मग मी कानाकडं नीट बघितलं. पैलवानाचे कान, दोन्ही मोडलेले. लढताना घासून घासून कानाची पाळी सुजते आणि नंतर तशीच कडक गाठीसारखी होऊन बसते, खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या आसपास दुकान असल्यावर असले कान रोज बघायला मिळतात पण माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चपटा मोबाईल त्या कानावर बसतच नाही. गाठीवर टेकतो आणि फट भोकापासनं बोटभर लांब राहते, आवाज सगळा बाजूनं निघून जातो. तीन फोन बदलले काय आणि तीस बदलले काय.

नेटवर्क आणि सिम

गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडची घरं असतील तर आधी घरातली जागा बदलून बघा. कौलारू घराच्या आतल्या खोलीत, त्यात पावसाळ्यात, एका दांडीवर फोन चालतो. खिडकीतली एक जागा ठरवा, तिथंच खिळ्याला पिशवी अडकवून फोन ठेवायचा.

मग सिम. आताची सिमं सगळ्यात बारीक, नॅनो. जुन्या फोनचं घर मोठं, म्हणून आपण प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवून घालतो. ती चौकट केसभर हलली की सिम मधनंच सुटतं, फोन पडला की हमखास. दुकानात सिम त्याच मापाचं मिळत असेल तर बदलून घ्या, नाहीतर निदान चौकट नवी घाला. सिमचे पिवळे कॉन्टॅक्ट कोरड्या कापडानं पुसा. सिम तुमच्या फोनमध्ये घालून बघा आणि तुमचं त्यांच्यात, बिघाड सिमबरोबर गेला तर सिमचा, तिथंच राहिला तर फोनचा, याला एक रुपया लागत नाही आणि मी पण दुकानात पहिल्यांदा हेच करतो.

एक फसगत कायम होते. कुणीतरी कपाटातनं जुना २००३ सालचा बॅटरीवाला, म्हणजे टॉर्चवाला नोकिया ११०० काढतं, "हा दगड आहे, आबांना हाच पाहिजे," आणि त्यात जिओचं सिम घालतं. चालणार कसं? जिओ २०१६ ला आलं तेच फोरजीवर, त्यांच्याकडं टूजी नाहीच. टूजी फोनमध्ये एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं सिम चालतं. उलटंही बघा, काही स्वस्तातले फोरजी कीपॅड फोन जिओला लॉक असतात, जिओभारत २०२३ ला आला तो तसाच, त्यात दुसरं सिम लागत नाही. म्हणजे फोन ठरवायच्या आधी सिम कुठलं आहे ते ठरलेलं पाहिजे, आणि सिम कुठलं ते गावात रेंज कुणाची आहे त्यावर. लोक बरोबर उलट्या क्रमानं जातात, आधी फोन.

संध्याकाळी स्विच ऑफ

बॅटरी काढा, सपाट टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखी फिरवा. फिरली तर फुगलेली आहे. चांगली बॅटरी सपाट असते, ती फिरत नाही, घासून थांबते. फुगलेली परत घालू नका, दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. मला आणून द्या. नवी घेताना ब्रँडेडच घ्या, फुटपाथवरची स्वस्तातली बॅटरी वर काहीही छापलेलं असलं तरी महिन्यात बसते.

बॅटरी चांगली असेल तर चार्जिंग होतंय का बघा. जुनी मायक्रो यूएसबीची पिन एकाच बाजूनं जाते, कमी दिसणारं माणूस ती उलटी रेटतं आणि आतली जीभ मोडते. पिनच्या वरच्या बाजूला नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्या, तसाच फोनवर, ठिपक्याला ठिपका. माझ्याकडं सॉकेट बदलायला येणाऱ्या फोनमध्ये म्हाताऱ्यांचेच जास्त असतात, तो ठिपका दिल्यावर तीच माणसं परत आली नाहीत. आणि चार्जरचं बटण. बरेच आबा चार्जर लावतात, बटण चालू करत नाहीत, किंवा सून रात्री वीज वाचवायला सगळी बटणं बंद करते. चार्जिंगची जागा त्यांच्या नजरेच्या उंचीला पाहिजे, पलंगामागं वाकून लावायची नको.

टच फोन "ऐकत नाही"

टच काचेला बोटातला थोडा ओलसरपणा लागतो. आयुष्यभर शेतात, नाहीतर एमआयडीसीत लेथवर काम केलेल्या हाताची कातडी कोरडी, जाड, काचेला बोट आहे हेच कळत नाही. ओल्या फडक्यावर बोट टेकवून मग दाबायला सांगा, चाललं तर फोन ठीक आहे. वर जाड टफन काच असेल तर काढून बघा.

दुसरं, ते दाबत नाहीत, दाबून धरतात. बोट सावकाश उचलतं, फोनला वाटतं लाँग प्रेस, मग आयकॉन हलतात, पुसले जातात. ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते लाँग करा. अक्षर मोठं करा, सॅमसंगमध्ये ईझी मोड आहे, बाकीच्यांतही साधा नाहीतर लाइट मोड असतो. पहिल्या पानावर फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि चार जणांचे फोटो, बाकी सगळं आत. एवढं करूनही महिन्यात जमत नसेल तर टच सोडा, त्यात कमीपणा काही नाही.

आता नवा घ्यायचाच झाला तर

माणसाला दुकानात आणा. गिफ्ट म्हणून परस्पर घेऊ नका. मी काउंटरवर चार कामं करायला लावतो, न शिकवता: मी फोन लावतो तो उचला, एक नंबर दाबून लावा, टॉर्च लावा, चार्जर जोडा. चारपैकी तीन जमले तर तो फोन. किंमत हजार ते अडीच हजार, त्यात सगळं मिळतं.

बघायचं काय तर कळा सुट्ट्या, उंच, एकमेकीला न चिकटलेल्या, पाचवर बोटाला लागणारा उंचवटा. टॉर्चला वेगळं बटण असेल तर सोनं, कारण खरं सांगायचं तर निम्म्या म्हाताऱ्यांना फोनपेक्षा रात्री उठल्यावर टॉर्चच जास्त लागते. टाइप-सी चार्जिंग मिळालं तर घ्या, दोन्ही बाजूनं जातं. मागची बॅटरी निघणारी. मेनू मराठीत. नंबर दाबताना आकडे बोलून दाखवणारा असेल तर कमी दिसणाऱ्यांना फार उपयोगी. कानात मशीन असेल तर तेच मशीन लावून दुकानात बोलून बघा, काही फोनवर गुणगुण असा आवाज येतो. कॅमेरा, गाणी, एफएम यावर भांडू नका. आधीचा फोन ज्या ब्रँडचा होता तोच शक्यतो घ्या, कारण हाताला कळांची जागा पाठ असते, डोक्याला नसली तरी.

नंबर भरताना आठच भरा. दोनशे नंबर असले की आबा खालच्या कळीनं एक एक करत बसतात आणि मधेच भलत्यालाच लागतो. स्पीड डायल लावा, दोनवर थोरला, तीनवर धाकटी असं, आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला. फक्त ५ आणि ९ सोडा. १ जानेवारी २०१७ पासनं देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला पॅनिक बटण लागतं, कीपॅड फोनमध्ये ते पाच नाहीतर नऊ दाबून धरल्यावर लागतं, म्हणजे थेट ११२. वर सांगितलेल्या काकांनी पाचवर मुलगी लावायचा प्रयत्न केला होता. दुसरीकडं हेच बटण त्यांना एकदा नीट समजावूनही ठेवा, घरी एकटं असणाऱ्या माणसाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

हे सगळं जून संपायच्या आत करा एवढंच माझं सांगणं असतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की नदीकाठच्या गावांतली सगळी पोरं एकाच दिवशी दुकानात येतात, आजीचा फोन लागत नाही म्हणून, आणि तेव्हा घाईत दिलेला फोन कधीच बरोबर नसतो.

इथं थांबा, पुढं स्वतः करू नका

फुगलेली बॅटरी, ते सांगितलंच. पाण्यात पडलेला फोन, बॅटरी निघत असेल तर काढा, चालू करून बघू नका, चार्जरला लावू नका, तांदळात ठेवून काही होत नाही, पीठ मात्र जाळीत जातं, त्याच दिवशी दुकानात आणा. *#०६# दाबल्यावर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, यायला पाहिजे, तिथं शून्यं किंवा इनव्हॅलिड आलं तर व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर मारू नका. फोन गरम होतोय, वास येतोय, तर लांब ठेवा. दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या निम्म्याच्या वर सांगितला तर सोडून द्या, दुकानदार मीच असलो तरी.

आणि आबा एकदम फोन घ्यायला घाबरायला लागले, आलेला फोन कट करतात, कुणाशी बोललात सांगत नाहीत, तर फोन तपासू नका, प्रेमानं विचारा कुणी पैसे मागितले का, पोलीस म्हणून कुणी धमकावलं का. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन आणि बँकेत, तासाभरात केलेलं आणि दोन दिवसांनी केलेलं यात फार फरक पडतो.

वस्तादांना मी मोबाईल दिलाच नाही. सिम टाकून चालणारा टेबलफोन मिळतो, दिसायला जुन्या लँडलाइनसारखा, वर मोठा वाकडा रिसिव्हर. त्याचा कानाकडचा भाग वाटीसारखा असतो, तो त्या मोडलेल्या कानावर पुरता झाकून बसला. दुकानातच सिम घालून पोराला रस्त्यावर पाठवला आणि त्याला फोन लावायला सांगितलं. वस्तादांनी रिसिव्हर उचलला, ऐकलं, आणि एवढ्या मोठ्यानं "बोल की रं" म्हणाले की पोरगा बाहेरनं फोनशिवायच म्हणाला, "आलं ऐकू." तीन फोनांची ती पिशवी पोरानं माझ्याकडंच ठेवली, त्यातले दोन कीपॅडवाले मी पुढं विकून दिले, टचवाला पोरगा स्वतः वापरतोय. टेबलफोन तालमीच्या कट्ट्यावर असतो, दोन महिन्यांनी एकदा बॅटरीसाठी येतो.